'थांबा' म्हणू शकणारा खलाशी

पावसाळा उघडला की मांडवी आणि झुआरीच्या पात्रांतून लोहखनिजाने भरलेल्या बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौका, मुरगाव बंदराकडे उतरू लागतात. 1963 साली प्रमुख बंदराचा दर्जा मिळालेल्या या बंदराने खनिज व्यापाराची भरभराट पाहिली आणि खाणी बंद पडल्यावरचा शुकशुकाटही पाहिला. खनिजाची बारीक भुकटी जहाजाच्या कप्प्यात ओतली जात असताना डेकवर एक साधी परीक्षा घेतली जाते. अर्धा ते एक लिटर मापाचा डबा भुकटीने निम्मा भरतात आणि सुमारे 20 सेंटीमीटर उंचीवरून, एक-दोन सेकंदांच्या अंतराने, कठीण जागेवर 25 वेळा आपटतात. भुकटीच्या पृष्ठभागावर पाणी दिसले किंवा ती चिखलासारखी हलू लागली, तर माल प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्याशिवाय भरता येत नाही. पृष्ठभाग कोरडा दिसला, तरी तेवढ्यावरून माल सुरक्षित ठरत नाही.

या डब्याला इतके महत्त्व आहे, कारण लाटांचे हेलकावे आणि इंजिनाची थरथर जहाजाच्या पोटातही हेच करत असते. मर्यादेपेक्षा ओली भुकटी भर समुद्रात पातळ होते, एका कुशीला सरकते, आणि कलते जहाज मग सावरता येत नाही. 2009 च्या पावसाळ्यात भारतीय लोहखनिज घेतलेली 'एशियन फॉरेस्ट' आणि 'ब्लॅक रोज' ही दोन जहाजे आपल्याच किनाऱ्यालगत बुडाली. त्यानंतर, 2011 च्या जानेवारीपासून, सुट्या घन मालाच्या वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संहिता बंधनकारक झाली. ओलाव्याची चाचणी आणि माल भरणे यांत सात दिवसांहून अधिक अंतर नको, असे ती सांगते, आणि मध्ये मोठा पाऊस झाला तर पुन्हा तपासणी करायला लावते.

नियम स्पष्ट आहे. तरीही डबा आपटणारा पुष्कळदा जहाजावरचा सर्वांत नवखा माणूस असतो, आणि बार्ज रांगेत उभ्या असतात. भरणी थांबवली तर होणारा खर्च सर्वांना ठाऊक असतो. अशा वेळी "साहेब, वर पाणी आले आहे, थांबवा" असे त्या मुलाला म्हणता येते का, आणि म्हटल्यावर ते ऐकले जाते का, यावर वीस-बावीस जणांचे प्राण अवलंबून असतात. जहाजावरची शिस्त म्हणजे वरून आलेला हुकूम मुकाट पाळणे, ही समजूत आपण सोडली पाहिजे.

गोव्यात आणि शेजारच्या सिंधुदुर्गात 'मुलगा बोटीवर आहे' असे सांगणारी घरे गावोगाव सापडतात. मागच्या पिढ्यांतले गोवेकर तारवटी मुंबईला, धोबी तलावाच्या आसपासच्या कुडींमध्ये, म्हणजे आपापल्या गावाच्या क्लबांत, राहून जहाजाची वाट पाहत. गावागावांनी चालवलेल्या त्या क्लबांत संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहावे लागे, दारूला मनाई असे, आणि नवख्याला कामाची पहिली माहिती तिथेच, परतलेल्या खलाशांकडून मिळे. आज वास्कोजवळच्या बोगदा येथील सागरी प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी वर्ग भरतात. खलाशांच्या प्रशिक्षणाचा 1978 चा आंतरराष्ट्रीय करार आणि 2010 मधल्या मनिला येथील दुरुस्त्या यांनुसार पाण्यात तग धरणे, आग विझवणे, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षितता आणि जहाजाची सुरक्षा यांचे प्राथमिक शिक्षण घ्यावे लागते.

या शिक्षणातला सर्वांत कठीण धडा बंदिस्त जागेचा आहे. नांगराच्या साखळीचा कप्पा किंवा जहाजाचा तोल राखण्यासाठी पाणी भरायची बॅलास्टची टाकी बरेच दिवस बंद राहिली, की लोखंड गंजताना आतला प्राणवायू शोषला जातो. हवेत साधारण 21 टक्के असणारा प्राणवायू तिथे इतका घटतो, की आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो, आणि त्याला वाचवायला धावलेला सोबतीही त्याच्या शेजारी पडतो. जगभरातल्या अशा अपघातांत मदतीला गेलेल्यांचे मृत्यू पुन्हा पुन्हा नोंदले गेले आहेत. म्हणून हवा खेळवणे, प्राणवायू मोजणे आणि लेखी परवाना घेणे यांबरोबरच तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की शिकवावी लागते. आतला मित्र पडलेला दिसला, तरी श्वसनयंत्र लावलेली तुकडी येईपर्यंत त्याने आत उतरायचे नाही. हे माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे, आणि वर्गात एकदा ऐकून ते अंगवळणी पडणार नाही. 2015 पासून याची कवायत दर दोन महिन्यांनी सक्तीची आहे. ती खरोखर कप्प्याच्या तोंडाशी, दोर आणि यंत्रे हातात घेऊन व्हायला हवी. केवळ वहीत सह्या करून ती उरकणे हा खलाशाच्या जिवाशी केलेला अपराध आहे.

वहीचा हाच प्रश्न विश्रांतीबाबत उभा राहतो. 24 तासांत किमान 10 आणि सात दिवसांत किमान 77 तास विश्रांती, असा नियम आहे. बंदरात माल, इंधन, तपासण्या आणि पाहुणे एकाच वेळी येतात, तरीही नोंदवहीतले तास दर महिन्याला बिनचूक जुळत असतील, तर कंपनीने शाबासकी देण्याऐवजी जहाजावर माणसे पुरेशी आहेत का, हे पाहावे. 6 मार्च 1987 रोजी बेल्जियममधल्या झीब्रुगे बंदरातून 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरीबोट पुढचे दार उघडे ठेवून निघाली आणि 193 माणसे मृत्युमुखी पडली. दार बंद करायचे ज्याच्याकडे होते, तो खलाशी आपल्या खोलीत झोपला होता. चौकशी मात्र त्याच्यापाशी थांबली नाही, तिने किनाऱ्यावरच्या व्यवस्थापनालाही दोषी धरले. त्यातूनच आकाराला आलेली सुरक्षित व्यवस्थापनाची संहिता 1998 च्या जुलैपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. या संहितेनुसार प्रत्येक कंपनीला किनाऱ्यावर एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. ही व्यक्ती थेट सर्वोच्च व्यवस्थापनाशी बोलू शकते, आणि तिचे नाव व संपर्क जहाजावरच्या प्रत्येकाला माहीत असायला हवा.

पण नोकरीसाठी घर गहाण टाकून, दलालाला पैसे मोजून बोटीवर चढलेला मुलगा त्या व्यक्तीला फोन करील का? कर्ज फिटेपर्यंत तो कुणालाच दुखावणार नाही. डब्यातले पाणी पाहूनही तो गप्प राहील. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेण्यास 2006 च्या सागरी श्रम कराराने आणि भारताच्या नियमांनी मनाई केली आहे. म्हणून पेडणे, डिचोली, सत्तरी किंवा सावंतवाडीत एखाद्या घरी 'जागा मिळवून देतो' असे सांगत कोणी आले, तर आईवडिलांनी आधी त्याच्या संस्थेचा परवाना क्रमांक विचारावा आणि तो नौवहन महासंचालनालयाच्या यादीत आहे का, हे स्वतः पडताळून पाहावे.