गाडी एक, कॅमेरे तीन

मंडळी, मघाशी आपल्यातल्या दोन पोरांनी परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढतानाचा व्हिडिओ दाखवला. एक कॅमेरा हेल्मेटवर, दुसरा हँडलवर, तिसरा मागच्या गाडीवरच्या मित्राकडे. चित्र झकास आहे. पण डोळे मिटून ऐका. आधी कानात वारा, मग सायलेन्सरची धडधड, मग एकदम लांबून येणारी घरघर. गाडी एकाच चालीनं घाट चढते आहे, ऐकणाऱ्याला मात्र दर वळणावर दुसरीच गाडी आल्यासारखं वाटतं.

चित्रासोबत आवाजही कापला गेला, म्हणून असं होतं. चित्र हवं तितकं कापा, पण इंजिनच्या आवाजाची एक पट्टी खालून सलग जाऊ द्या. मी त्यासाठी सीटच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला, स्पंज लावलेला छोटा माइक बांधतो. बाकीचे ट्रॅक, म्हणजे बाकीच्या माइकांच्या आवाजाच्या पट्ट्या, बंद ठेवायचे आणि गरज पडेल तिथंच उघडायचे.

सगळे ट्रॅक एकदम उघडे ठेवले तर आवाज भरदार होईल असं वाटतं. होतं उलटंच. एकच आवाज दोन माइकमध्ये थोडा मागेपुढे पोचतो आणि मिसळताना काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. एक मिलिसेकंदाचा फरक असला तरी ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग पडतो. मग बुलेटसुद्धा रिकाम्या पिंपात वाजल्यासारखी ऐकू येते.

जुळवणीसाठी टाळी पुरते. निघण्याआधी तिन्ही कॅमेरे सुरू करून, जवळ आणून, एक खणखणीत टाळी वाजवा. एडिटिंगच्या टाइमलाइनवर तिचा सुळका उभा दिसतो, तिन्ही सुळके एका रेषेत आणा. दूर उभं राहून वाजवू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३५ मीटरवरच्या कॅमेऱ्यात टाळी सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर तिथंच अडीच फ्रेमची चूक झाली. लांबलचक रेकॉर्डिंग असेल तर शेवटीही एक टाळी घ्या, कारण प्रत्येक यंत्राचं घड्याळ किंचित वेगळं चालतं आणि तासाभरात ओठ आणि शब्द सुटे पडतात.

वाऱ्याचं म्हणाल तर तो माइकवरच अडवावा लागतो. हेल्मेटमधला माइक हनुवटीजवळ, आतल्या गादीत खोचा. उरलेला घोंघाट बोलण्याच्या ट्रॅकवर १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून कमी होतो. इंजिनच्या ट्रॅकवर मात्र ही कात्री चालवू नका. एका सिलिंडरची चार-स्ट्रोक गाडी ३००० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके देते, तिचा जीव त्या खालच्या सुरांतच असतो. आणि रेकॉर्डिंगची पातळी आवाज फाटायच्या हद्दीच्या खाली, उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

ट्रॅक शेवटपर्यंत वेगळे ठेवा, हे मी एवढं आग्रहानं का सांगतो? चिखलदऱ्याच्या वरच्या अंगाला एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो होतो. सोबत्याची गाडी चालूच होती. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं, "बापू, थे कॉफीचे झाडं पाह्यले का?" आणि मग लहानपणी त्या मळ्यात कसे कामाला जायचे ते सांगत राहिले. घरी येऊन पाहतो तर हँडलच्या कॅमेऱ्यात नुसती फटफट. शब्द एक नाही. हेल्मेट मी काढून बाकावर ठेवलं होतं, बाबांच्या अगदी शेजारी, आणि त्यातला माइक चालू राहिला होता. त्या ट्रॅकवर त्यांचं सगळं बोलणं स्वच्छ होतं, मधला खोकलासुद्धा. घाईत सगळे ट्रॅक एकत्र करून मूळ फाइली पुसल्या असत्या, तर बाबांचं बोलणं कायमचं त्या फटफटीखाली गेलं असतं. आपल्याकडची वऱ्हाडी, वरच्या गावांतली कोरकू, हे बोलणं अशाच टपऱ्यांवर कानावर पडतं. ते नीट ऐकू यावं, याची मला फार कळकळ आहे.

त्या जागी मी चित्र हँडलच्याच कॅमेऱ्याचं ठेवलं, कारण बाबांचा चेहरा त्यात होता. आवाज हेल्मेटमधला घेतला. आणि ते बोलायला लागायच्या दोन सेकंद आधीपासून इंजिनचा ट्रॅक हळूहळू उतरवत शून्यावर नेला.