दुर्बिणीच्या आदल्या दिवशी

[दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा, संध्याकाळचे सहा]

उद्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी आहे, आणि त्याआधी पोट साफ करणारी ही पांढरी पावडर मोजून घेतलेल्या दोन लिटर पाण्यात हळूहळू विरघळते आहे. तिच्यातला मुख्य घटक पॉलिइथिलीन ग्लायकॉल हा आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषला जात नाही. तो आपल्याबरोबरचे पाणी धरून ठेवतो आणि ते पाणी मोठ्या आतड्यातला मळ सैल करून बाहेर घेऊन जाते. शरीरातल्या क्षारांचा तोल ढळू नये म्हणून पावडरीत सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार मिसळलेले असतात, आणि हे पाणी खारट लागते ते त्यामुळेच. चव नकोशी वाटते म्हणून पाणी कमी घालून मिश्रण घट्ट केले, तर तो तोल बिघडतो. म्हणून भाची मापाच्या भांड्यातली रेघ दुसऱ्यांदा पाहते आहे.

ज्यांच्यासाठी ही तयारी चालली आहे, त्या मावशी 58 वर्षांच्या आहेत. पाटण तालुक्यातल्या एका वाडीतून त्या कराडला बहिणीच्या घरी मुक्कामाला आल्या आहेत. शौचावाटे रक्त जात होते, ते मूळव्याधीचेच असणार असे गृहीत धरून त्यांनी कित्येक महिने घरगुती औषधे घेतली. खालून दुर्बीण टाकून तपासणी करायची, म्हणजेच कोलोनोस्कोपी करायची, असे ठरले तेव्हा एका ठिकाणी त्यांच्या हाती इंग्रजीत छापलेला एक कागद देण्यात आला होता. घरी तो कोणालाही नीट वाचता आला नाही. आदल्या रात्री त्या भाकरी आणि मेथीची भाजी जेवल्या, औषधाचे अर्धेच पाणी प्यायल्या, आणि दुसऱ्या दिवशी आतडे स्वच्छ नसल्यामुळे तपासणी अर्धवट सोडावी लागली. ही चूक मावशींची नव्हती.

[दृश्य : बाह्यरुग्ण विभागातले टेबल, आठ दिवसांपूर्वी]

या वेळी तयारीची सुरुवात इथे झाली. सिस्टरनी कागद हाती देण्याआधी मावशींच्या पिशवीतल्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या टेबलावर काढायला लावल्या. लोहाच्या गोळ्यांमुळे मळ काळा आणि चिकट होऊन आतड्याच्या अस्तराला धरून राहतो, म्हणून त्या पाच ते सात दिवस आधी थांबवायच्या असतात. रक्तदाबाची गोळी सहसा तपासणीच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घेता येते. मधुमेहाच्या औषधांचे प्रमाण मात्र डॉक्टर बदलून देतात, कारण पोटात अन्न नसताना नेहमीचा डोस घेतला तर साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय रुग्णाने स्वतः कधीही घेऊ नये. त्या चालू ठेवण्यात जसा धोका असतो तसा बंद करण्यातही असतो. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर तो इथेच सांगायला हवा, कारण पोट साफ करणारे प्रत्येक औषध प्रत्येकाला चालत नाही. सोडियम फॉस्फेटच्या तोंडाने घ्यायच्या औषधांनी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, असा कडक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2008 साली दिला होता. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने जुलाबाचे औषध आणू नये, हे सिस्टर तीनदा सांगताना दिसतात, ते यासाठीच.

पुढे विषय आला जेवणाचा, आणि सिस्टरनी मावशींच्या स्वयंपाकघरातल्याच पदार्थांची नावे घेतली. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, मटकी आणि हरभरा, पेरू, डाळिंब, बियांसकट टोमॅटो आणि वांगे, तीळ, जवस किंवा कारळ्याची चटणी, हे सारे दोन-तीन दिवस आधीच बंद करायचे. बारीक बिया आतड्यात मागे राहतात आणि दुर्बिणीच्या शोषनळीत अडकतात. मऊ भात, दही, सोललेला उकडलेला बटाटा आणि अंडे चालते. आदल्या दिवशी सकाळी थोडे हलके खाऊन झाले की नंतर फक्त आरपार दिसतील असे पातळ पदार्थ घ्यायचे : नारळपाणी, गाळलेले लिंबूपाणी, बिनदुधाचा चहा, वरणावरचे निवळ पाणी. कोकम सरबत आणि बीटाचा रस मात्र टाळायचा, कारण त्यांचा लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसू शकतो. हे ऐकून मावशी पहिल्यांदा मान वर करून बघतात. कोकम पित्तावरचे म्हणून त्या ते रोज घेत असत.

[दृश्य : बहिणीचे घर, रात्र]

एक पेला साधारण पाव लिटरचा आहे आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी तो संपवायचा आहे. औषध थंड केले की चव कमी जाणवते, पण फार थंड प्यायल्यास हुडहुडी भरते. मळमळ झाली तर अर्धा तास थांबून सावकाश पुढे प्यावे. उलट्या थांबेनात, पोटात तीव्र कळा येऊ लागल्या किंवा चक्कर आली तर रुग्णालयात फोन करावा. वारंवार जावे लागल्याने जागा हुळहुळी होते, म्हणून कोरडे पुसण्यापेक्षा पाण्याने धुऊन खोबरेल तेल लावणे बरे. भिंतीवर लावलेल्या तक्त्यात तपकिरी गढूळ रंगापासून निवळ पिवळ्या रंगापर्यंत चार चौकोन आहेत. चौथ्या चौकोनासारखे, लघवीसारखे पिवळसर आणि निवळ पाणी दिसू लागले की आतडे तयार झाले असे समजावे.

एक लिटर रात्री आणि एक लिटर सकाळी, अशी ही विभागणी आहे. रात्रभरात लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट पाझर खाली उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर त्याचा थर बसतो. सकाळचा लिटर तो थर धुऊन काढतो. हा दुसरा भाग तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचा, आणि त्यानंतर पाणीही घ्यायचे नाही. वाडीतून पहाटेची एस.टी. पकडणाऱ्या बाईने हा लिटर नेमका कुठे प्यायचा, हा प्रश्न तारीख देतानाच विचारायला हवा. इथे तो विचारला गेला, म्हणून वेळ दुपारी एकची मिळाली आणि मुक्काम बहिणीकडे ठरला.

[दृश्य : तपासणी कक्षातला पडदा]

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. आता पडद्यावर दिसतो तो त्याचा उजवा भाग : गुलाबी अस्तर आणि त्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. डॉक्टर आतड्याच्या उजव्या, मधल्या आणि डाव्या भागाला स्वच्छतेचे शून्य ते तीन गुण देतात. बोस्टनमध्ये तयार झालेली ही पद्धत 2009 साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक भागाला किमान दोन गुण मिळाले तर तयारी पुरेशी मानतात. मावशींना एकूण नऊपैकी आठ गुण मिळाले आहेत.

आणि हा पॉलिप, अस्तरावर आलेला मांसल कोंब. मळाचा पातळ थर जरी उरला असता तरी तो झाकला गेला असता. 1969 साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी पोट न उघडता, दुर्बिणीतून तारेचा फास घालून असे कोंब काढायला सुरुवात केली. इथेही तोच फास आवळला जातो आहे. काही प्रकारचे कोंब वर्षानुवर्षे वाढत जाऊन त्यांचा कर्करोग होऊ शकतो. मावशींचा कोंब तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवला आहे.

[दृश्य : बाह्यरुग्ण विभाग, दुपार]

गुंगीचा अंमल उतरला आहे आणि मावशी भाचीच्या आधाराने बसून चहा घेत आहेत. उद्यापर्यंत त्यांनी एकटीने प्रवास करायचा नाही. पोट फुगल्यासारखे वाटणे काही तासांत कमी होईल. मात्र खूप रक्त गेले, ताप आला किंवा पोट तीव्र दुखू लागले तर लगेच परत यायचे, हे सिस्टर दोघींनाही सांगतात.

शेजारच्या टेबलावर पुढचे रुग्ण, एक काका, पिशवी उघडत आहेत. सिस्टरनी त्यांच्या गोळ्यांमधून लोहाची पट्टी बाजूला काढली आहे.