परसातलं ताट

अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका, कळसूबाईच्या पायथ्याचा मुलूख. वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पावसाळ्यात इथं धो धो कोसळतो. खाचरात भात होतो, उतारावर नागली-वरई. सुगी सरली की हाताला काम उरत नाही, आणि कितीतरी घरं मजुरीसाठी जुन्नर-नारायणगावकडे उतरतात. मजुरीत तांदूळ-मीठ भागतं. भाजी घेताना मात्र हात आखडतो, आणि लेकरांच्या ताटात भाकरीसोबत नुसती मिरची येते.

ही उणीव भरून काढते घरामागची चार हात जागा. मांडवावर घेवडा, छपरावर दुधी, कुडावर दोडका, मोरीच्या पाण्यावर अळू. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, एवढंच खत. आणि ही सगळी बाग बाईच्या हातची. कुठला वेल कधी लावायचा, हे तीच ठरवते.

पण बाग टिकते ती बियावर. संकरित वाणाचं बी धरून पुढच्या साली पेरलं, तर पीक तसंच येत नाही. म्हणजे दर पावसाळ्यात पुडी विकत आणायची. ज्या घरात पुडीला पैसे नाहीत, तिथं बाग दुसऱ्याच वर्षी मोडते.

याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी नेमकं हेच ओळखलं. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. खेड्यापाड्यांत शेती-विकासाचं काम करणाऱ्या बायफ संस्थेच्या साथीनं त्यांनी गावरान वाणांची बीज बँक उभी केली, परसबागेसाठी बायकांच्या हाती बी दिलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

बी धरायची रीत बघा. वेलावरच्या ठसठशीत शेंगा तोडायच्या नाहीत, तिथंच वाळू द्यायच्या. मग दाणे सोलायचे, किडका-सुरकुतलेला बाजूला सारायचा. उरलेलं राखेत घोळवून मडक्यात भरायचं, तोंड शेणामातीनं लिंपायचं. वर्षभर त्याला कीड शिवत नाही.

खरी अडचण उन्हाळ्याची. होळीनंतर विहिरी तळ गाठतात, प्यायचं पाणीच डोक्यावरून आणावं लागतं, वेलांना कुठलं घालणार? त्या दिवसांत शेवगा कामाला येतो. शेंगा तेव्हाच लागतात, पाल्याचीही भाजी होते, आणि एकदा मूळ धरलं की पाणी फारसं मागत नाही. म्हणून नवी परसबाग करणाऱ्या घरानं पहिल्याच पावसात, वेलांच्याही आधी, शेवग्याची एक फांदी रोवावी.