खुडूक कोंबडी आणि गिनी फाऊलची पिल्ले

श्रोतेहो, नमस्कार. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत आता काही बागायतदारांच्या कुळागरांतून, राखाडी अंगावर पांढरे ठिपके असलेले आणि कुणी अनोळखी आवारात शिरले की कर्कश ओरडून सारा वाडा जागा करणारे पक्षी दिसू लागले आहेत. ही गिनी फाऊल, म्हणजे गिनी कोंबडी. मूळची ती आफ्रिकेतली. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तिच्या कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी अशा जाती तयार केल्या आहेत. मोठी झाल्यावर ही कोंबडी फारशी आजारी पडत नाही, गवतातले किडे वेचून खाते आणि खाद्यही बेताचेच मागते. अडचण आहे ती तिच्या पिल्लांची, आणि आजचे बोलणे त्यांच्यापुरतेच आहे.

गिनीची मादी अंडी भरपूर घालते, पण आई म्हणून तिचा भरवसा नाही. झुडपात लपवून ठेवलेल्या घरट्यात ती बसते खरी. मात्र पिल्ले बाहेर पडली की पहाटे दवाने भिजलेल्या गवतातून ती त्यांना भराभर चालवत नेते आणि मागे राहिलेल्यांसाठी थांबत नाही. अंगावर नुसती लव असलेले बोटभर पिल्लू एकदा भिजले की गारठते आणि तासाभरात मान टाकते. म्हणून ही अंडी गोळा करून आपल्या गावठी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली ठेवावीत, असे मी आग्रहाने सांगतो. उबवणी यंत्राला माझा विरोध नाही, परंतु वादळी पावसात वीज गेली की यंत्र थंड होते आणि कोंबडी होत नाही. वनराजा किंवा ग्रामप्रिया या सुधारित जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. या कामाला घरची गावठीच हवी, आणि तीही यापूर्वी एखादे रवण, म्हणजे एका बैठकीची अंडी, नीट उबवून पिल्ले काढलेली.

इथे एक हिशेब नीट समजून घ्यावा लागतो. कोंबडीचे अंडे 21 दिवसांत फुटते, गिनीचे अंडे 26 ते 28 दिवस घेते. पहिल्या वर्षी मी हा आठवडा विसरलो. एकाच दिवशी, एकाच कोंबडीखाली सहा तिची आणि आठ गिनीची अशी अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी तिची पिल्ले निघाली, पुढच्या दिवशी ती त्यांना घेऊन अंगणात उतरली आणि गिनीची आठही अंडी करंडीत थंड पडली. नंतर एक फोडून पाहिले, तर आत ठिपक्यांच्या जागी फिकट पट्टे उमटलेले, जवळजवळ पूर्ण वाढलेले पिल्लू होते. तेव्हापासून मी अंडी मिसळत नाही. ज्यांना मिसळायचीच असतील त्यांनी गिनीची अंडी आधी ठेवावीत आणि कोंबडीची अंडी सहाव्या दिवशी त्यांत घालावीत, म्हणजे दोन्ही एका सुमारास फुटतील.

कोंबडी खरोखर खुडूक झाली आहे की नुसती घरट्यात रेंगाळते आहे, हे दोन-तीन रात्री पाहून ठरवावे. तोवर तिच्याखाली साधी अंडी ठेवावीत. हात घातला की पिसे फुगवून गुरगुरते, टोच मारते, पण उठत नाही, अशी कोंबडी पक्की समजावी. तिच्या अंगावरच्या उवा आणि गोचिड्या बसवण्यापूर्वीच घालवाव्यात, कारण पुढे त्या थेट पिल्लांच्या डोक्यावर चढतात. मग रात्री, अंधारात, साधी अंडी काढून गिनीची ठेवावीत. मध्यम अंगाच्या गावठीला बारा अंडी पुरेत. जास्त ठेवली तर कडेची अंडी आळीपाळीने थंड होतात आणि सगळ्याच रवणाचे नुकसान होते. ठेवायची अंडी आठवड्यापेक्षा जुनी नसावीत. दहाव्या रात्री बॅटरीच्या उजेडात ती तपासता येतात, मात्र गिनीच्या अंड्याचे कवच जाड आणि तपकिरी असल्यामुळे आतले चित्र धूसर दिसते. शंका असेल ते अंडे टाकून न देता परत ठेवावे. शेवटच्या आठवड्यात कोंबडी वाळते. रोज एकदा ती उठेल तेव्हा तिच्यासमोर मका, गहू आणि पाणी तयार असले पाहिजे. दाणे शोधत ती दूर गेली तर अंडी निवतात.

पिल्ले निघाली की खरी जोखीम सुरू होते. कोंबडी आपल्या सवयीने त्यांना उकिरड्यावर न्यायला बघेल. तिला न्यायला देऊ नये. पहिले दोन आठवडे आई आणि पिल्ले कोरड्या जागी, छपराखाली, डालग्यात किंवा बारीक जाळीच्या खुराड्यात कोंडावीत. जाळीची भोके अर्ध्या इंचापेक्षा मोठी असतील तर ही पिल्ले त्यांतून सहज निसटतात, आणि बाहेर मुंगूस व धामण वाट बघत असतातच. खाली वर्तमानपत्र अंथरू नये. गुळगुळीत कागदावर त्यांचे पाय फाकतात आणि मग ते सरळ होत नाहीत. गोणपाट चांगले. पाणी मातीच्या पसरट पणतीत द्यावे आणि तिच्यात नदीतले धुतलेले खडे भरावेत, नाहीतर पाणी पिताना वाकलेले पिल्लू अर्धा इंच पाण्यातही बुडून मरते.

खाद्यात प्रथिने 24 टक्क्यांच्या आसपास हवीत, कोंबडीच्या पिल्लांच्या नेहमीच्या खाद्यापेक्षा जास्त. बाजारात ब्रॉयलरचे प्री-स्टार्टर मिळते, ते बारीक करून द्यावे. उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि वारुळातून फोडून आणलेली वाळवी यांवर तर ती तुटून पडतात. घरात सुक्या मासळीचा चुरा असतो म्हणून तो घालण्याचा मोह होतो, परंतु खारवलेल्या मासळीतले मीठ या पिल्लांना मारते.

वेळेबद्दल एवढेच सांगतो, की आपल्याकडे मिरगाचा पाऊस हा या कामाचा कठोर शेवट असतो. 15 मार्चला अंडी ठेवली तर 12 एप्रिलच्या सुमारास पिल्ले निघतात आणि 7 जूनपर्यंत बरोबर आठ आठवड्यांची होतात. तोवर अंगावर पूर्ण पिसे येतात आणि पहिली सर त्यांना झेपते. जुलैत अंडी ठेवणाऱ्याने ओल, शेवाळ आणि रक्ती हगवण यांच्याशी झुंजण्याची तयारी ठेवावी; मी तरी जुलैत अंडी ठेवत नाही.

पिल्ले आठ आठवड्यांची झाली की त्या सुमारास नर-मादी ओळखता येतात. दोन स्वरांची हाक घालते ती मादी. नर एकाच स्वरात ओरडतो. कोंबडीखाली वाढलेल्या पिल्लांचा आणखी एक फायदा असा, की संध्याकाळी ती आईच्या मागोमाग खुराड्यात शिरायला शिकतात, एरवी गिनी झाडावरच बसू पाहते. आमच्या घरी गेल्या वर्षीची कोंबडी पुन्हा अंडी घालू लागली, तिने त्या पिल्लांना टोच मारून दूर केले, तरी तिच्याएवढी झालेली ती नऊ गिनी रोज दिवेलागणीला तिच्यामागे ओळीने चढतात आणि शेवटची दोन अजून तिच्या पंखाखाली डोके घालण्याचा प्रयत्न करतात. नमस्कार.