दक्षिणेचा मंद वारा

जय ख्रिस्त.

संयोजकांनी मला विषय दिला तो असा : वादळ येण्याआधी आपले प्राधान्यक्रम तपासणे. हे ऐकल्याबरोबर तुमच्यातल्या बहुतेकांना मत्तयाच्या सातव्या अध्यायातली दोन घरं आठवली असतील, वादळात टिकलेलं खडकावरचं आणि कोसळलेलं वाळूवरचं. तो उतारा आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच तो आता बोचत नाही. तेव्हा आज मी प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ घेतो. शुभवर्तमानातल्या वादळात प्रभू उठतो, वाऱ्याला धमकावतो आणि समुद्र निवांत होतो. इथे तसं काही घडत नाही. चौदा दिवस वादळ चालतं आणि शेवटी जहाज फुटतं. तुमच्या-माझ्या घरातली वादळं बहुधा या दुसऱ्या जातीची असतात.

हे पुस्तक लिहिणारा लूक स्वतः त्या जहाजावर होता. 'आम्ही' असं म्हणत तो लिहितो, आणि वाचताना कळतं की हा माणूस डेकवर उभा होता. प्रेषित पौल कैदी, त्याला रोमला नेत होते. त्याच्यावर युल्य नावाचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी. मुऱ्या बंदरात त्यांना आलेक्सांद्रियाचं एक जहाज मिळालं. मिसरातला गहू अशा जहाजांतून इटलीला जायचा आणि रोम शहर त्या गव्हावर जगायचं. याही जहाजात गहू होता, हे लूक अध्यायाच्या शेवटाकडे सांगतो. त्या गव्हाकडे आपल्याला परत यायचं आहे.

वारा तोंडावर होता, म्हणून रखडत रखडत ते क्रेत बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर 'सुंदर बंदर' नावाच्या ठिकाणी पोहोचले. लूक म्हणतो, उपवासाचा दिवसही होऊन गेला होता. हा यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, साधारण सप्टेंबरची अखेर किंवा ऑक्टोबर. त्यानंतर भूमध्य समुद्रात लांबचा प्रवास धोक्याचा समजत, आणि नोव्हेंबर ते मार्च तो जवळपास बंदच असे. आपल्या कोकणातल्या कोळ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. नारळी पौर्णिमेआधी होडी दर्यात लोटायची नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं.

पौल म्हणाला, पुढे जाऊ नका. शताधिपतीने मात्र सुकाणूदाराचं आणि जहाजमालकाचं ऐकलं. यात त्याचा मूर्खपणा नव्हता. एका बाजूला समुद्रात आयुष्य घालवलेला जाणकार आणि ज्याचा पैसा अडकलाय तो मालक, दुसऱ्या बाजूला तंबू शिवणारा कैदी. तुम्ही-मी कोणाचं ऐकलं असतं? शिवाय बहुमत झालं. सुंदर बंदर हिवाळा काढायला सोयीचं नव्हतं, आणि थोडं पुढे फेनिके होतं, चांगलं निवाऱ्याचं. मग तेराव्या वचनात दक्षिणेचा वारा मंद वाहू लागला, आपला हेतू साधला असं त्यांना वाटलं आणि त्यांनी नांगर उचलला.

माझ्या मते या अध्यायातलं सगळ्यात भीतीदायक वचन हेच आहे. वादळाची वचनं पुढे आहेत, पण निर्णय या वाऱ्यात झाला. आपले प्राधान्यक्रमही संकटात सहसा बिघडत नाहीत, ते बरं चाललेलं असताना बिघडतात. बढती मिळाली, पण रविवारी कामावर जावं लागेल. फ्लॅटचं कर्ज मंजूर झालं, हप्ता मात्र असा की दोघांपैकी एकाचा पगार पुरता त्यातच जाणार. मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला. यातलं काहीही पाप नाही. उलट यातली प्रत्येक गोष्ट आपण मंडळीत साक्ष म्हणून उभं राहून सांगतो. आपलं ठरलेलं वाक्य आहे ना, 'देवाने दार उघडलं'! उघडलं असेलही. पण कौल अनुकूल आला की तो देवाचाच, असं शास्त्रात कुठे लिहिलंय ते मला दाखवा. देवापासून पळणाऱ्या योनाला यापोला पोहोचताक्षणी तार्शीशला जाणारं जहाज तयार मिळालं होतं, आणि भाडं भरायला पैसेही होते.

आता गव्हाकडे. ईशान्येचा तुफानी वारा सुटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माल समुद्रात टाकायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी जहाजाचं सामान, दोर वगैरे, आपल्या हातांनी टाकलं. मग कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत, म्हणजे त्या काळच्या खलाशाला आपण कुठे आहोत हेच कळेना. आणि गहू? तो थेट चौदाव्या रात्रीनंतर, अगदी शेवटी. या क्रमावर थोडं थांबा. जहाज चालवायला लागतं ते सामान तिसऱ्या दिवशी गेलं, आणि ज्यावर नफा मिळायचा तो गहू शेवटपर्यंत राहिला. कदाचित जहाजाला खाली वजन हवं म्हणूनही ठेवला असेल, ही शक्यता मी नाकारत नाही. पण हे जहाज कशासाठी निघालं होतं, त्याचं उत्तर त्या गव्हात होतं. आधी काय टाकायचं आणि शेवटी काय, हे ठरवायला कोणी बैठक बोलावली नव्हती. बंदरात असतानाच ते सगळ्यांच्या मनात ठरलेलं होतं.

घरात वादळ आलं की आपल्याकडे पहिल्यांदा काय पाण्यात जातं? मी पाहिलंय त्यावरून सांगतो. संध्याकाळची कुटुंब प्रार्थना पहिली जाते, कारण दवाखान्याच्या खेपा चालू असतात. मग रविवार. मग दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग. पाळकसाहेब समोर बसलेत म्हणून हे म्हणतोय असं समजू नका. त्यांनाही माहीत आहे की मी या बाबतीत जरा जास्तच स्पष्ट बोलतो. मग भावाशी बोलणं बंद होतं, कारण त्याने वेळेला पैसे दिले नाहीत. आणि सगळं गेलं तरी पुढच्या मे महिन्यात ठरलेल्या लग्नाचा हॉल आणि पाचशे माणसांचं जेवण मात्र हलत नाही. त्यासाठी वेळ पडली तर आपण सोनं गहाण ठेवतो. आपला गहू कुठे भरलाय ते तिथे दिसतं.

म्हणून तपासायचं ते आत्ता, बंदरात. कसं? 'माझ्या आयुष्यात देव प्रथम आहे का', असं स्वतःला विचारू नका. या प्रश्नाला इथे बसलेला प्रत्येक जण हो म्हणेल, आणि प्रामाणिकपणे म्हणेल. त्याऐवजी पासबुक काढा. गेल्या काही महिन्यांत कोणता खर्च वाद न घालता झाला आणि कोणत्यावर घासाघीस झाली, ते बघा. घरातली भांडणं कशावरून होतात ते आठवा. जिथे आपलं मन गुंतलेलं असतं तिथेच आपण तावातावाने बोलतो. आणि गेला मोठा निर्णय कोणाला विचारून घेतला? सुकाणूदार आणि मालक यांना विचारलंच पाहिजे, ते मी सोडायला सांगत नाही. पण प्रार्थना निर्णयाच्या आधी झाली की नांगर उचलल्यावर, आशीर्वाद मागण्यापुरती?

जाता जाता एक सांगतो, नाहीतर कोणी घरी जाऊन विमा मोडेल. बचत करणं, विमा काढणं म्हणजे अविश्वास नव्हे. या जहाजालाही मागे एक छोटी होडी बांधलेली होती आणि ती त्यांनी मोठ्या कष्टाने वर ओढून घेतली होती. अडचण कधी झाली? खलाशी नांगर टाकायचं निमित्त करून तीच होडी हळूच पाण्यात सोडू लागले तेव्हा. बाकीच्यांना मागे ठेवून निसटायला. मग शिपायांनी दोर कापले.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. पंडिता रमाबाईंबद्दल आपण अभिमानाने बोलतो, पण बहुधा १८९७ पासून सुरुवात करतो : मध्य प्रांतात दुष्काळ पडला, त्या गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. मला त्याआधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. १८८९ साली मुंबईत शारदा सदन, म्हणजे विधवा मुलींसाठी त्यांनी काढलेली निवासी शाळा, सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. तिथे धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. प्रत्येक मुलीला आपला धर्म पाळायची मोकळीक होती. मात्र रमाबाई स्वतः प्रार्थना करताना आपल्या खोलीचं दार लावून घेत नसत, आणि काही मुली येऊन बसत. यावरून गदारोळ झाला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपद सोडलं, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. विरोध करणारे वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्या काळच्या एका विधवेच्या बापाला काय वाटलं असेल, हे समजून घेता येतं. पण रमाबाईंच्या बाजूने बघा. दार लावून घेतलं असतं तर कदाचित बरंच काही वाचलं असतं. त्यांनी लावलं नाही. प्रार्थना चोरून करायची नाही आणि कोणावर लादायचीही नाही, हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

दुसरी गोष्ट जमिनीची. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षं मदत द्यायचं मान्य केलं होतं. ती संपल्यावर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. हे सगळं दुष्काळाच्या आधी. दुष्काळ काय असतो ते त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. आईवडील आणि थोरली बहीण त्यांनी तशाच उपासमारीत गमावली होती. मग दुष्काळ आला, पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. इतक्या मुलींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं तेव्हा केडगावची जमीन तयार होती. पुढे गुजरातेतल्या दुष्काळानंतर केडगावच्या 'मुक्ती' या त्यांच्या आश्रमात सुमारे दोन हजार मुली आणि स्त्रिया राहत होत्या. त्या जमिनीतून संस्थेला उत्पन्न मिळावं, एवढाच हिशेब मुळात होता. कोणासाठी जगायचं हे आधी ठरलं होतं, म्हणून त्या हिशेबाचा उपयोग बदलायला त्यांना वेळ लागला नाही. आणि एवढं करूनही वादळं थांबली नाहीत. १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक लेक, आईच्या आधी गेली. रमाबाई बायबलच्या भाषांतराचं काम करत राहिल्या आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या.

एक चिठ्ठी आली आहे. नाव नाही. 'आमच्या घरी वादळ आलेलंच आहे. आधी तयारी केली नव्हती. आता आम्ही काय करायचं?'

हा प्रश्न विचारला ते बरं केलं, कारण सगळं भाषण ज्यांचं बरं चाललंय त्यांच्यासाठीच झालं. पौलाने जहाजावर काय केलं ते सांगतो. आधी त्याने एकदा बोलून घेतलं, 'माझं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.' हो, एकविसाव्या वचनात आहे. प्रेषितालाही ते आवरलं नाही. पण पुढच्याच वाक्यात तो म्हणाला, धीर धरा, तुमच्यातल्या कोणाच्याही जिवाचा नाश होणार नाही. का? तर मी ज्याचा आहे आणि ज्याची सेवा करतो त्या देवाचा दूत रात्री माझ्याजवळ उभा राहिला. आणि चौदाव्या दिवशी त्याने उपदेश केला नाही. तो म्हणाला, जेवा. त्याने सर्वांसमोर भाकर घेतली, देवाचे आभार मानले, मोडली आणि खाऊ लागला. दोनशे शहात्तर माणसं जेवली. त्यांत चुकीचा सल्ला देणारा सुकाणूदार होता, बाकीच्यांना सोडून पळायला निघालेले खलाशी होते, कैद्यांना ठार मारायचा बेत करणारे शिपाई होते. गहू त्यांनी जेवल्यानंतर टाकला. मग ज्यांना पोहता येत होतं ते पोहून गेले, बाकीचे फळ्यांवर आणि जहाजाच्या तुकड्यांवर, आणि मिलिता बेटावर सगळे जिवंत पोहोचले. बंदरात कोणाची तयारी होती आणि कोणाची नव्हती, हे तिथे कोणी मोजलं नाही. ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्यांनी सभा संपल्यावर मला भेटा, किंवा पाळकसाहेबांना भेटा. आणि आज रात्री काहीतरी खाऊन झोपा.