शाल, श्रीफळ आणि रबाबाची कातडी

मंडळी, विषय पत्रिकेत छापलेला आहे : देशोधडीला लागलेल्या कलावंतांना सांस्कृतिक संस्थांनी मदत कशी करावी. दीपप्रज्वलन, स्वागत आणि परिचय यांत वीस मिनिटं गेली आहेत, म्हणून थेट रबाबावर, त्या अफगाण तंतुवाद्यावर येतो.

काबूलच्या अफगाणिस्तान राष्ट्रीय संगीत संस्थेची २७३ माणसं, म्हणजे विद्यार्थी, शिक्षक आणि त्यांचे कुटुंबीय, डिसेंबर २०२१ मध्ये दोहामार्गे लिस्बनला पोहोचली. वाद्यं बहुतांशी मागेच राहिली. आता, वाद्य मिळवून देणारे दाते भेटतात. ते वाजतं ठेवायचं कोणी?

रबाब म्हणजे आपल्या सरोदचा पूर्वज. तुतीच्या लाकडातून कोरलेला, पोटावर बकऱ्याची कातडी, तीन मुख्य तारा, खाली तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा. घोडी, म्हणजे तारा पेलणारी पट्टी, उभी असते त्या कातडीवरच. पावसाळ्यात तबल्याचं काय होतं हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. इथंही तेच : दमट हवेत कातडी सैल पडते, घोडी खाली बसते, सूर उतरतो आणि तार दांडीला लागून खरखरते. युरोपातल्या हिवाळ्यात खोलीत हीटर लागला की उलटं. कातडी ताणते, सूर चढतो, लाकूड तडकतं. उपाय महागडे नाहीत. पेटीत साधा आर्द्रतामापक ठेवायचा, काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील असं बघायचं, हीटरच्या भिंतीला वाद्य टेकवायचं नाही, बाहेरून आल्या आल्या पेटी उघडायची नाही. पण कातडी फाटली की गाडं अडतं. गिटार दुरुस्त करणारा परक्या गावातही मिळतो. ओली कातडी ताणून चढवणारा, सावलीत सुकू देणारा कारागीर शेकडो किलोमीटरवरून आणावा लागतो. त्याच्या जाण्यायेण्याचा रकाना संस्थेच्या अंदाजपत्रकात नसतो.

शालीचा असतो! शालीवर मला बोलू द्याच. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला सहावी शाल मिळते तेव्हा तो ती ठेवणार कुठं? कपाट घरमालकाचं. नारळ फोडायला कोयता नाही. आणि सत्कारात प्रश्न एकच : ‘तुम्ही निसटलात कसे?’ दर वेळी तेच सांगायला लावायचं, टाळ्या वाजवायच्या. आज काय वाजवणार, हे कुणी विचारत नाही. त्या निसटण्याच्या गोष्टीत मागे राहिलेल्या भावाचं नाव असतं, वाट दाखवणाऱ्याचं असतं. आपण ती चित्रित करून दुसऱ्या दिवशी सगळीकडे पाठवतो आणि तिकडे त्या भावाच्या दारावर थाप पडू शकते. काय दाखवायचं, कोणता फोटो लावायचा, हे आधी कलावंताला विचारा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता.

कागद. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. धरमशाळेच्या तिबेटी कलावंताकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं आणि प्रवासाला पिवळ्या कव्हरचं ओळखपत्र, ज्याला सगळे ‘आयसी’ म्हणतात. त्यावर व्हिसा, देशाबाहेर जाण्याची परवानगी, परत येण्याला हरकत नसल्याची नोंद, हे सगळं जमवायला महिने लागतात. निमंत्रणपत्र चार महिने आधी द्या. त्यात तारखा, मानधनाचा आकडा, राहण्याचा पत्ता, विमा कोण काढणार, आणि सही करणाऱ्याचा दूरध्वनी हवा. ‘आपणास सस्नेह निमंत्रण’ एवढ्यावर व्हिसा मिळत नाही.

पैसे. नव्या देशात बँकखातं उघडायला वेळ लागतो. तोवर भाडं थेट घरमालकाला द्या.

मुदत. नॉर्वेतल्या स्टावांगरमधून २००६ पासून चालणाऱ्या ‘आयकॉर्न’ या आश्रयनगरांच्या जाळ्यात एखादं शहर लेखकाला साधारण दोन वर्षं घर आणि वेतन देतं. तिसऱ्या वर्षाचं काय, हा विचार पहिल्या महिन्यात सुरू व्हावा : भाषेचा वर्ग, अनुवादक, मुलांची शाळा, निवासाचा पुढचा परवाना.

आणि त्यांच्या स्वतःच्या संस्था. तिबेटी ललितकला संस्था १९५९ मध्ये कालिम्पाँगला सुरू झाली, मग धरमशाळेला आली. तिथं तयार झालेले शिक्षक तिबेटी वसाहतींतल्या शाळांत जाऊन नृत्य-गाणं शिकवतात. अशी एक वसाहत आपल्या गोंदिया जिल्ह्यातही आहे, नोर्ग्येलिंग. तिथल्या मुलांना वर्षातून एकदा मंचावर नाचवण्यापेक्षा एका शिक्षकाचं वर्षाचं वेतन उचला.

घंटा झाली. प्रश्न चहाच्या टेबलाशी. आणि माझ्यासाठी शाल आणलीच असेल तर एखाद्या रबाबाच्या पेटीत तळाला अंथरायला द्या. जरीची मात्र नको, पॉलिशवर ओरखडे येतात.