रमाबाईंच्या खोलीचं उघडं दार

(दृश्य: सह्याद्रीतलं दाट रान. पाऊस.)

कर्नाटकातलं हे गंगामूळ. अनंतशास्त्री डोंगरे या मराठी शास्त्र्यांनी इथे, रानात बिऱ्हाड केलं. बायकोला, लक्ष्मीबाईंना, ते संस्कृत शिकवत होते आणि ते गणगोताला खपलं नव्हतं. १८५८ साली इथेच पंडिता रमाबाई जन्मल्या. सहा महिन्यांच्या असताना वेताच्या पेटाऱ्यातून त्यांची तीर्थयात्रा सुरू झाली. मग घर म्हणून काही राहिलंच नाही. आई शिकवायची, लेक भागवत पाठ करायची. पुराण सांगून जे मिळेल त्यावर गुजराण.

पण वेद? ते अनंतशास्त्र्यांनीही मुलीला शिकवले नाहीत. एवढं सोसलेल्या बापाचा हात तिथे थांबला.

१८७४च्या दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण. उरलेली दोघं भावंडं पायपीट करत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी विचारलं, वेद वाचलेत का? त्या म्हणाल्या, बायकांना तो अधिकार नाही. सेनांनी एका वेदाची प्रत त्यांच्या हातात ठेवली.

मग त्यांनी धर्मशास्त्रंही वाचली. ग्रंथाग्रंथांत मतभेद होते. एकमत कशावर, तर बाईची जात वाईट आणि तिला पुरुषासारखा मोक्ष नाही. हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. ज्या विद्येसाठी सत्कार झाला, त्याच विद्येनं हे दाखवलं.

(दृश्य: जुनं पुणं, वाड्याचा दिंडीदरवाजा.)

जातीबाहेर लग्न, दोन वर्षांत वैधव्य, कडेवर लहानगी मनोरमा. १८८२ साली त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे साक्ष दिली: मुलींना शिकवायला स्त्री शिक्षक हव्यात, बायकांवर उपचार करायला स्त्री डॉक्टर हव्यात.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्र दुखावला. पण तिकडेही त्या मुकाट्यानं मान डोलावत नव्हत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, आमचं संस्कृत का नको, असं विचारत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं बिशप म्हणाले, त्यावर त्यांनी आक्षेप घेतला. चर्चच्या अधिकाराबद्दलही त्यांनी कळवलं की मोठ्या कष्टानं एका पुरोहितवर्गाचं जू उतरवलंय, दुसरं मानेवर घेणार नाही.

(दृश्य: मुंबई, चौपाटी.)

११ मार्च १८८९. विधवांना शिकवण्यासाठी रमाबाईंचं शारदा सदन सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पैसा अमेरिकेतून, सल्लागार रानडे-भांडारकरांसारखे. बोली अशी होती की धर्म शिकवायचा नाही, प्रत्येकीनं आपापला पाळावा. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या.

१८९३ साली याचा स्फोट झाला. सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मला यात एकच बाजू घेता येत नाही. रमाबाईंनी स्वतःच्या श्रद्धेसाठी दार का लावून घ्यावं? त्यांनी ते लावलं नाही, हे मला पटतं. पण केशवपन झालेली, घरानं टाकलेली पंधरा वर्षांची पोर, जिचं जेवण, कपडे आणि अक्षरं एकाच हातून येतात, ती त्या दारातून कितपत मोकळ्या मनानं आत जाते? हा प्रश्न विचारणारे सगळेच सनातनी नव्हते.

त्याच वर्षी गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्या हिंदूच राहिल्या. सदनात शिकून त्यांनी स्वतःचा वेगळा रस्ता धरला, हेही त्या खोलीइतकंच सांगायला हवं.

(दृश्य: केडगाव, छापखाना.)

दौंडजवळच्या केडगावात, रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती सदनात, दुष्काळातून वाचलेल्या मुली आल्या. इथे रमाबाई अखेरपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एप्रिल १९२२मध्ये त्या गेल्या, दोन वर्षांनी ग्रंथ बाहेर आला. त्याचे छपाईचे खिळे जुळवले ते इथल्याच बायकांनी. संस्कृतच्या या पंडितेनं शब्द मात्र सोपे घेतले होते, गावच्या बाईला वाचून कळतील असे, मध्ये कुणी शास्त्री किंवा पाद्री न बसवता.